‘काढून टाक’ म्हणजे नक्की काय?

आमच्या ऑफिसात ‘किंवा’ या एका शब्दावर दोन तास वाद झालेला मी ऐकला आहे. करारात ‘भाडेकरू किंवा त्याचे वारस’ असं होतं. तिथे ‘आणि’ हवं की ‘किंवा’, यावर दोन वरिष्ठ वकील, एक ज्युनियर आणि एक जाडजूड शब्दकोश यांची जुंपली होती. पुढचं पान टाइप करायला कधी मिळतंय याची वाट बघत मी बाजूला हाताची घडी घालून बसले होते. वाद मिटला, पान टाइप झालं आणि उठता उठता साहेब मला म्हणाले, “तो जुना मसुदा कॉम्प्युटरमधून काढून टाक.” मी “हो” म्हटलं. काढून टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या खोलीतल्या एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

टाइपरायटरपासून आजपर्यंत माझी सगळी नोकरी वकिलांच्या ऑफिसात गेली. ‘नोटीस पाठवली’, ‘नोटीस बजावली’ आणि ‘नोटीस मिळाली’ या तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे हे मी इथेच शिकले. आणि हे अंतर मला शिकवणारी माणसं कॉम्प्युटरसमोर बसली की ‘ते उडालं’, ‘ते आत आहे बघ’, ‘वर टाकलंय मी’ अशा भाषेत बोलू लागतात. पूर्वी मला वाटायचं हा आळस आहे. आता वाटतं, हा ओळखीचा भास आहे. फाइल, फोल्डर, कॉपी, कट, पेस्ट, सही, किल्ली, सगळे शब्द आमच्याच टेबलावरून उचललेले. झेरॉक्स, म्हणजे जिचं नाव आपण छायाप्रतीलाच देऊन टाकलं ती कंपनी, तिने १९८१ साली ‘स्टार’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, फाइलींचे खण आणि आल्यागेल्या टपालाचे ट्रे यांची चित्रं होती. ऑफिसातली माणसं बिचकू नयेत म्हणून केलेली ती सोय. सोय झाली खरी, पण आमचेच शब्द परत आले ते अर्थ बदलून. आणि शब्द ओळखीचा असला की त्याचा अर्थ विचारायला कोण जातं?

‘फाइल’च घ्या. हा शब्द मूळ लॅटिन ‘फिलम’वरून आला, म्हणजे दोरा. कागद दोऱ्यात ओवून ठेवायचे, त्या ओवलेल्या कागदांची ती फाइल. भोक पाडून टॅग घालणाऱ्या आम्हा लोकांना हे वेगळं सांगायला नको. पण आमच्या बोलण्यात फाइल म्हणजे एका प्रकरणाचा अख्खा गठ्ठा, आणि कॉम्प्युटरच्या बोलण्यात फाइल म्हणजे एकच दस्त. गठ्ठा तो फोल्डर. “फाइल पाठव” असं साहेबांनी फोनवर सांगितलं आणि नव्या मुलीने एक पानी पत्र पाठवलं, तेव्हा चूक कोणाची होती? तिची नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

माझी चूक मात्र माझीच होती. तारखेचा दिवस. युक्तिवादाचे मुद्दे पेन ड्राइव्हवर घालून द्यायचे होते. डेस्कटॉपवर चिन्ह दिसत होतं, मी ते कॉपी केलं, पेन ड्राइव्हवर पेस्ट केलं, चिन्ह तिथेही दिसलं. समाधानाने पेन ड्राइव्ह पाकिटात घालून वर प्रकरणाचा नंबर लिहिला. दोन तासांनी फोन आला की उघडत नाही. मग दुसऱ्याचा फोन, की अजून उघडत नाही. त्या चिन्हाच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण होता, तो मी रोज बघायचे आणि नक्षी समजायचे. तो शॉर्टकट होता. शॉर्टकट म्हणजे दस्त नव्हे. ‘दस्त अमुक कपाटाच्या तमुक खणात आहे’ असं लिहिलेली चिठ्ठी. मी साहेबांना कोर्टात चिठ्ठी देऊन पाठवलं होतं आणि कपाट ऑफिसात होतं. आकार बघितला असता तरी कळलं असतं. चाळीस पानांचा दस्त कधी एकदोन केबीचा असतो का? तेव्हापासून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट मी दुसऱ्या मशीनवर उघडून बघते. माझ्याच मशीनवर उघडून उपयोग नाही, कारण तिथे चिठ्ठी वाचून कपाट सापडतंच.

आता ‘काढून टाक’कडे येते. कागद फाडला की फाटतो. कॉम्प्युटरमधला दस्त डिलीट केला की आधी तो रिसायकल बिनमध्ये जातो, म्हणजे टेबलाखालच्या टोपलीत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. टोपली रिकामी केली की संपलं, असं मात्र आम्ही सगळे समजत होतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर तेव्हाही खरं तर फक्त नोंदवहीतली नोंद खोडली जाते. गठ्ठा फडताळावर जागच्या जागी असतो. नवीन काही ठेवायला जागा हवी झाली की मगच तो कधीतरी झाकला जातो, आणि तोवर जाणकार माणूस तो शोधून काढू शकतो. नव्या एसएसडी डिस्कचं वागणं वेगळं. तिथे सोडून दिलेली जागा यंत्र स्वतःच मागाहून साफ करत राहतं, त्यामुळे चुकून उडवलेलं परत मिळेल या आशेवर राहू नये. म्हणजे लपवायचं असेल तेव्हा पुसलं जात नाही आणि वाचवायचं असेल तेव्हा पुसलं जातं, असा हा उफराटा कारभार. शिवाय तो मसुदा ईमेलने गेलेला असतो, समोरच्याच्या पेटीत असतो, बॅकअपमध्ये असतो. वाद उभा राहणार हे दिसत असताना काही काढून टाकणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न वकिलांचा. पण ‘काढून टाकलं’ असं प्रतिज्ञेवर लिहायची वेळ आली तर त्या दोन शब्दांत काय काय येतं, हे टाइप करणाऱ्या बाईला माहीत असलेलं बरं.

यापेक्षा मला जास्त छळलं ते न दिसणाऱ्या गोष्टींनी. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस नावाची सोय आहे, कोणी काय खोडलं आणि काय घातलं ते रंगीत दिसतं. काम झालं की ते रंग डोळ्यांना खुपतात, म्हणून आपण ‘नो मार्कअप’ निवडतो. पान स्वच्छ होतं. पण ते फक्त न दाखवणं आहे. बदल ‘अ‍ॅक्सेप्ट’ केल्याशिवाय खोडलेलं वाक्य आतच राहतं, आणि समोरच्या वकिलांनी एक बटण दाबलं की आपल्या पक्षकाराने आधी काय मान्य केलं होतं ते लाल अक्षरांत त्यांच्यापुढे. असा प्रकार मोठमोठ्यांच्या हातून झालाय. २००४ साली अमेरिकेत एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीने डेमलर-क्रायस्लर या मोटार कंपनीवर दावा लावला. त्या दाव्याची वर्डमधली प्रत बातमीदारांच्या हाती लागली, आणि आतल्या लपलेल्या मजकुरात दिसलं की प्रतिवादी म्हणून आधी चक्क एका बँकेचं नाव होतं. जुना दावा समोर ठेवून त्यावरच नवा मसुदा करण्याची आमची सवय आठवून मला त्या दिवशी घाम फुटला. एका पक्षकाराच्या पोटात दुसरा पक्षकार!

मजकुराव्यतिरिक्त दस्ताला चिकटलेली ही जी माहिती, लेखकाचं नाव, तारखा, किती वेळा सेव्ह केलं वगैरे, तिला मेटाडेटा म्हणतात. पाकिटावरचा शिक्का, आवक क्रमांक, कोपऱ्यातली लघुसही यांचं ते भावंड. पण पाकिटावरचा शिक्का वाचायला येतो, हा वाचताना फसवतो. आमच्या एका ज्युनियरने एकदा मोठा शोध लावल्याच्या आवेशात मला दाखवलं, की समोरच्या पक्षाने दिलेल्या पेन ड्राइव्हवरचा दस्त ‘तयार केल्याची’ तारीख मे महिन्यातली आहे आणि ‘बदलल्याची’ मार्चमधली. जन्मायच्या आधीच मोठा झालेला दस्त! तो अर्जाचा मसुदाही करायला बसला होता. मी त्याच्यासमोर आमचाच एक जुना दस्त पेन ड्राइव्हवर कॉपी केला आणि तारखा बघायला सांगितल्या. विंडोजमध्ये कॉपी केली की ‘तयार केल्याची’ तारीख त्या कॉपीची पडते, ‘बदलल्याची’ जुनीच राहते. म्हणजे इथे ‘तयार केला’चा अर्थ ‘या जागी आला’ एवढाच. अर्ज करायचा वाचला.

तारखेवरून आठवलं म्हणून सांगते. २०१७ साली पाकिस्तानात पंतप्रधानांच्या कुटुंबाच्या चौकशीत एका कागदावर फेब्रुवारी २००६ ही तारीख होती आणि अक्षरं कॅलिब्री या फॉन्टमधली होती. तो फॉन्ट सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोचला २००७ च्या जानेवारीअखेर, ऑफिस २००७ बरोबर. कागदाच्या खरेपणावरची चर्चा अक्षराच्या वळणावर येऊन ठेपली. कुठला फॉन्ट घ्यायचा ते मी दिसायला बरा म्हणून ठरवत असे. तोही बोलतो, हे तेव्हा कळलं.

आता काळी शाई. कागदावरचं नाव झाकायचं तर जाड मार्करने रेघ मारून त्याची झेरॉक्स काढायची, ही आमची जुनी रीत. झेरॉक्स महत्त्वाची, कारण मूळ कागद उजेडात धरला तर अक्षर दिसतं. पीडीएफ आली तेव्हा मी तेच करत होते, काळी चौकट काढायची आणि पाठवून द्यायचं. पीडीएफ १९९३ पासून आहे, आणि टाइप केलेल्या दस्ताची असेल तर तिच्या पोटात चित्र नसतं, चित्र कसं काढायचं याच्या सूचना असतात. ‘इथे हे अक्षर ठेव, मग तिथे काळी चौकट ठेव.’ चौकट वर, अक्षर खाली, दोन्ही शाबूत. माउसने ओढून कॉपी केलं आणि दुसरीकडे पेस्ट केलं की खालचं नाव बाहेर. जानेवारी २०१९ मध्ये, ट्रम्प यांचे एकेकाळचे प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी अमेरिकेतल्या कोर्टात दाखल केलेल्या कागदाचं हेच झालं. काळ्या पट्ट्यांखालचं सगळं त्याच दिवशी जगाने वाचलं. यासाठी ‘रिडॅक्शन’ म्हणून वेगळी सोय असते, ती खालची अक्षरंच उपटून टाकते. ती नसेल तर आमची जुनी रीत अजून चालते, रेघ मारा, छापा आणि तो छापील कागद स्कॅन करा. एवढं करून मी पाठवण्याआधी काळ्या पट्टीवरून माउस ओढून बघते. काही निळं झालं की पोटात गोळा येतो.

स्कॅन म्हटलं की “एवढी जड का झाली?” हा प्रश्न ठरलेला. हिशेब सोपा आहे. ए-फोर पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं की इंचाला ३०० ठिपके, म्हणजे आडवे २४८० आणि उभे ३५०८, मिळून सुमारे ८७ लाख ठिपके. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे दाबून लहान करण्याआधी २६ एमबी, एका पानाचे! निव्वळ काळं-पांढरं केलं तर त्याचा चोविसावा भाग. ‘चांगलं दिसावं’ म्हणून ६०० डीपीआय केलं की दुप्पट नाही, चौपट. आणि ईमेलने पाठवताना जोडपत्राचं अक्षरांत रूपांतर होतं, त्यात ते आणखी एकतृतीयांशाने फुगतं, म्हणून २५ एमबीच्या मर्यादेत जेमतेम १८ चं जोडपत्र बसतं. हे कळल्यावर मी मशीनवर ओरडणं सोडलं.

पण स्कॅनची खरी मेख वजनात नाही. “शोधलं, सापडलं नाही” हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात अक्षरं नसतातच. शोधाच्या खिडकीत नाव टाइप केलं आणि उत्तर शून्य आलं तर त्याचा अर्थ ‘दस्तात हे नाव नाही’ असा होत नाही. ओसीआर, म्हणजे फोटोवरून अक्षरं ओळखण्याचं काम, करून घेतलं तरी ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो, आणि मग घाडगे शोधले तर धाडगे म्हणून लपलेले असतात. मराठीत आणखी एक गंमत. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसायची, पण आत रोमन अक्षरांचे आकडे असायचे. माझ्या जुन्या मसुद्यांत ‘करार’ शोधला तर एकही करार सापडत नाही, हजार पानं करारांचीच असून! युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ सालची, त्यात देवनागरीसाठी १२८ जागांची स्वतंत्र गल्ली होती. आमच्या टेबलापर्यंत ती गल्ली पोचायला फार वर्षं लागली.

प्रत या शब्दाने मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं. टाइपरायटरवर कार्बन घालून चार प्रती काढायच्या, तर पहिली ठळक, चौथी अगदी फिकी. खोडलं तर चारही कागद खोडायचे, बोटं निळी. ईमेलमधलं सीसी हे त्या कार्बनचंच नाव आहे, हे नव्या मुलांना सांगितलं की ती माझ्याकडे पुराणवस्तूसारखं बघतात. (बीसीसी म्हणजे लपून दिलेली प्रत. आपल्या पक्षकाराला बीसीसीत ठेवू नये, कारण त्याने ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की त्याचं मनोगत थेट समोरच्या वकिलांकडे जातं. हे एकदा बघितलंय, पुन्हा नको.) फिकेपणा हा पुरावा होता. कोणती मूळ, कोणती नंतरची, ते डोळ्यांना दिसायचं. कॉम्प्युटरमधली हजारावी प्रतही पहिलीइतकीच ठळक असते. मग “मूळ कोणती?” या प्रश्नाला अर्थ काय उरला?

त्यावर हॅश नावाचं उत्तर आहे, आणि ते समजायला मला वेळ लागला. दस्ताच्या सगळ्या बाइट एका ठरलेल्या गणितातून काढल्या की एक आकडा मिळतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा येतो, दस्त एक पानाचा असो की दहा हजार पानांचा. एक स्वल्पविराम हलला की आख्खा आकडा वेगळा. दस्ताला नवं नाव दिलं तर आकडा तोच, कॉपी केली तरी तोच. पण वर्डमधला दस्त उघडून, काही न बदलता, नुसता पुन्हा सेव्ह केला तरी आकडा बदलू शकतो, कारण आतला मेटाडेटा बदललेला असतो. एकच कागद दोनदा स्कॅन केला तर दोन आकडे. म्हणून पुराव्याचा पेन ड्राइव्ह आला की “जरा उघडून, सेव्ह करून बघते” हा माझा जुना सेवाभाव मी बंद केला.

डिजिटल सही या आकड्यावरच उभी आहे. सहीचा फोटो दस्तात चिकटवला की झालं, असं कित्येकांना वाटतं. तो फोटो मीही चिकटवू शकते, साहेबांच्या किती सह्या माझ्या मशीनवर आहेत! खऱ्या डिजिटल सहीत दस्ताचा हॅश सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने बंद करतात, आणि त्याची दुसरी, सार्वजनिक किल्ली लावून कोणीही ताडून बघू शकतो. या जोडकिल्लीची कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडली. गंमत अशी, की असा सही केलेला दस्त छापला की सही नाहीशी होते. कागदावर उरतं ते नुसतं चित्र. “सही नीट दिसत नाही, प्रिंट काढून शिक्का मार आणि पुन्हा स्कॅन कर,” असं मला सांगण्यात आलं होतं आणि मी ते मन लावून केलं होतं.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एकाने स्वतःच्या लॅपटॉपवर जागा हवी म्हणून एक जुनं फोल्डर उडवलं आणि ते सगळ्यांच्याच मशीनवरून गेलं. “बॅकअप आहे ना?” “आहे की, क्लाउडवर.” क्लाउडवर होतं ते सिंक. सिंक म्हणजे आरसा, तुम्ही टोपी काढली की तोही काढतो. बॅकअप म्हणजे कालचा फोटो. फोल्डर परत मिळालं, पण मी ठरवलं की आता हे शब्द लिहून काढायचे. व्याख्यांचं कलम असतं तसं, ऑफिसपुरतं. शॉर्टकट, सिंक, सही, प्रत असे बारा-पंधरा शब्द एका पानावर टाइप केले आणि साहेबांपुढे ठेवले.

त्यांनी चष्मा चढवला आणि ‘काढून टाकणे’वर थांबले. पेन उघडून म्हणाले, “घे लिहून. ‘काढून टाकणे’ म्हणजे, संदर्भावरून वेगळा अर्थ निघत नसेल तर, सदर दस्त रिसायकल बिनमधून, सर्व्हरवरून किंवा बॅकअपमधून...”

मी टाइप करत होते. पेन थांबलं.

“थांब. इथे ‘किंवा’ चालणार नाही.”